सोनं, पण एकाहत्तरात नाही

७ जुलै २०२५, सोमवार

आज मला नोकरी लागली. वय त्रेसष्ट. पगार नाही, चहा दोनदा.

हसण्यावारी नेलं तरी सकाळी दोनदा दाढी केली, हे इथं कबूल करतो. चौतीस वर्षं इथं जबलपूरला खमरियाच्या फॅक्टरीत स्टोअर सांभाळलं. कोणता बोल्ट कोणत्या रॅकवर, त्याचा नंबर काय, हे मला झोपेतही विचारावं. रिटायर होऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून कांचघरच्या घरात भाजी आणणं, गॅसचा नंबर लावणं आणि ‘पायात पायात येणं’. हा शेवटचा शब्द वसुधाचा, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीचा.

सून चिन्मयी रिछाईला छोटंसं युनिट चालवते. दोन खोल्या, तीन फ्रीज, चार बायका. दूध तपासायच्या कागदी पट्ट्या बनवतात. पट्टी दुधात बुडवायची. लाल रेघ उमटली तर दूध चांगलं. नाही उमटली तर समजावं, गाईला अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलं होतं आणि त्याचा अंश दुधात उतरला. डेअरीवाले घेतात. कागदपत्रं बघणारी मुलगी लग्न होऊन सतन्याला गेली, म्हणून चिन्मयी काल म्हणाली, “बाबा, दोन महिने तुम्ही बघता का? वेदांगला तर कोरब्याहून यायलाच फुरसत नाही.” वेदांग माझा मुलगा, नोकरीला कोरब्याला. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच मी ‘हो’ म्हटलं.

आज तिनं फ्रीजमधून एक बाटली काढली. आत लाल पाणी. डाळिंबाचा रस असतो नं, तसं, आणि उजेडात धरलं तर आरपार.

“हे काय आहे, सांगा बघू.”

“रूह अफ़ज़ा पातळ केलेलं.”

“सोनं आहे बाबा.”

मला वाटलं थट्टा करून राहिली. पण खरंच सोनं! इतके बारीक कण की खाली बसतच नाहीत, पाण्यात तरंगत राहतात, आणि इतकं बारीक झालं की सोन्याचा पिवळा रंग जाऊन लाल होतो. पट्टीवरची रेघ म्हणजे हेच सोनं. जर्मनीहून येतं. पुढचा माल महिनाअखेरीस नागपूरला उतरणार. त्याचे कागद मी बघायचे!

१० जुलै, गुरुवार

हायकोर्टासमोरच्या कायद्याच्या पुस्तकांच्या दुकानातून कस्टम्सचं टॅरिफ आणलं. जाडजूड. दुकानदारानं विचारलं, “वकील साहब हैं?” मी नुसतं हसलो.

काय पुस्तक आहे! जगातली प्रत्येक वस्तू यात आहे. पहिल्या अध्यायात जिवंत घोडे-गाढवं, सत्त्याण्णवाव्यात चित्रं आणि पुराणवस्तू. प्रत्येकीला आठ आकड्यांचा नंबर. आणि सत्त्याहत्तरावा अध्याय चक्क रिकामा! पुढं कधी लागेल म्हणून राखून ठेवलेला. स्टोअर लावणाऱ्यानंच हे लिहिलं असणार. रिकामा रॅक ठेवायची अक्कल दुसऱ्या कोणाला येत नाही.

मग आपलं सोनं शोधलं. साध्या माणसासारखा एकाहत्तराव्या अध्यायात गेलो. सोनं, चांदी, मोती, दागिने. पण आपलं पाणी कुठंच नाही. अध्यायाच्या सुरुवातीच्या टिपा वाचल्या. तिसऱ्या टिपेत लिहिलंय: कोलॉइडल मौल्यवान धातू (म्हणजे आपल्यासारखे तरंगते कण) इथं नाही, २८४३ मध्ये बघा. अठ्ठाविसावा अध्याय, रसायनं. तिथं पान उलटलं आणि समोर: २८४३ १० १०. कोलॉइडल, सोन्याचं.

मी ओरडलोच. वसुधा ओल्या हातानं धावत आली.

“काय झालं? लॉटरी लागली का?”

“अगं, सोनं असून सोन्यात नाही! रसायनात आहे!”

“मग काहून इतकं नाचून राहिले तुम्ही?” म्हणाली आणि परत गेली. तिला काय सांगावं.

१७ जुलै, गुरुवार

आज एक मोठी चूक पकडली. नवा माणूस असून.

नागपूरला विक्की म्हणून एजंट आहे. तो कस्टम्समध्ये आपले कागद भरतो. माल यायच्या आधी एक चेकलिस्ट पाठवतो, ती आपण बघून ‘ठीक आहे’ कळवायचं. मी जुन्या फाइली काढून ताडून पाहिल्या. मागच्या पाचही खेपांना २८४३ १० १०. आणि या खेपेला ३८२२! म्हणजे तपासणीचं तयार द्रव्य, अँटीबॉडी वगैरे लावून रोगनिदानाला सज्ज केलेलं. आपलं तर नुसतं सोनं येतं. अँटीबॉडी, म्हणजे दुधातला औषधाचा अंश ओळखणारं प्रथिन, चिन्मयी इथं स्वतः सोन्याला लावते.

विक्कीला फोन केला. “भैया, नंबर गलत है.”

“अंकल, मैडम से बात हो गई है. आप टेंशन मत लो.”

मॅडमशी, म्हणजे चिन्मयीशी, कशाबद्दल बोलणं झालं कोण जाणे, दराबद्दल असेल. संध्याकाळी जेवताना चिन्मयीला सांगितलं. दोन्ही पानं समोर ठेवली. ती म्हणाली, “बघते बाबा,” आणि लगेच, “विक्की भैया अनुभवी आहेत, राहू द्या.” भाकरी अर्धी टाकून उठली. तिला हल्ली ॲसिडिटीचा त्रास आहे वाटतं. वसुधाला म्हटलं, उद्या सकाळी तिला जिऱ्याचं पाणी दे. वसुधा माझ्याकडं बघतच राहिली.

अनुभवी माणूससुद्धा चुकतो. फॅक्टरीत आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं: माल हरवला तर सापडतो, चुकीचं नाव लागलेला माल कधीच सापडत नाही.

३० जुलै, बुधवार

माल नागपूरला उतरला आणि अडकला. अधिकाऱ्यानं विचारलंय: ही वस्तू नक्की काय आहे, तपशील द्या. मी म्हटलंच होतं! नंबर चुकला तर विचारणारच.

चिन्मयीचा चेहरा उतरलाय. दूध संघाची तीस हजार पट्ट्यांची ऑर्डर आहे, पंचवीस सप्टेंबरची तारीख. फ्रीजमध्ये जुनं सोनं फार तर तीन आठवड्यांचं. ती म्हणाली, “मी जाते सोमवारी.” सोमवारपर्यंत काहून थांबायचं? माझ्याकडं कंपनीचं अधिकारपत्र आहे, पुस्तक आहे. मीच उद्या पहाटेच्या बसनं जाणार. तिला सांगत नाही, नाहीतर माझ्या वयाचं कारण काढून अडवेल. काम झाल्यावर सांगेन. केवढी खूश होईल!

वसुधाला तरी सांगावं म्हणून स्वयंपाकघरात गेलो, तर ती डबा बांधत होती. दशम्या आणि लसणाची चटणी. “उद्या लागेल तुम्हाला,” म्हणाली. मी तर अजून तोंडही उघडलं नव्हतं. तिला कसं कळलं कोण जाणे.

३१ जुलै, गुरुवार. नागपूर बस-स्टँडवर बसून

गाडीला वेळ आहे. सगळं ताजं ताजं लिहून ठेवतो.

विक्की तिथंच भेटला, त्याला सोबत घेतलं. कस्टम्सच्या अधीक्षक मॅडम चाळिशीच्या, चष्मा, बोलणं मोजकं. माझं आडनाव खानझोडे ऐकल्यावर मराठीत आल्या.

“काका, कागदावर लिहिलंय हे तपासणीचं तयार द्रव्य आहे. अँटीबॉडी कोणती लावली यात?”

“कोणतीच नाही मॅडम. ती आम्ही जबलपूरला लावतो. माझी सूनच लावते.”

शेजारी बसलेल्या विक्कीनं माझ्या पायावर पाय दिला. मला वाटलं चुकून, मी पाय मागे घेतला.

“म्हणजे हे नुसतं सोनं?”

“नुसतं सोनं! पण एकाहत्तरात जात नाही हं. बघा, टीप तीन.” मी पिशवीतून पुस्तक काढलं, खुणेचं पान उघडलं. टीप वाचून दाखवली, मग २८४३ वाचून दाखवलं, मग ३८२२ काहून नाही ते समजावलं. इतकं छान मी आजवर कधी बोललो नव्हतो. शेजारच्या टेबलावरचे दोघं ऐकायला उभे राहिले.

मॅडम म्हणाल्या, “काका, तुम्हाला माहीत आहे नं तुम्ही काय सांगून राहिले? जूनपासून या नंबराचा माल परवान्याशिवाय येत नाही. लोक सोनं रसायन म्हणून आणायला लागले, म्हणून.”

मी पुस्तकाचं पहिलं पान उलटून साल पाहिलं. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. पुस्तक मागच्या वर्षीचं. पण मागं कसं फिरणार? वस्तू तीच होती, आदेश आला म्हणून ती काही बदलत नाही.

“मग मॅडम, नंबर चुकीचा लिहायचा का?”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “नाही. पण इथं येऊन असं स्वतःहून कोणी सांगत नाही.”

मग मी तिथंच बसून पत्र लिहिलं. ‘आमच्या एजंटच्या नजरचुकीने नंबर चुकीचा पडला, वस्तू कोलॉइडल सोने आहे, दुरुस्ती व्हावी.’ सही केली. विक्कीनं पत्र दोनदा वाचलं. बाहेर आल्यावर त्यानं मला तर्रीपोहे खाऊ घातले. म्हणाला, “अंकल, आप भगवान आदमी हो. धंधा मत करना कभी.” मी त्याचे आभार मानले.

चिन्मयीला फोन लावला. सगळं सांगितलं.

“बरोबर केलं नं, बेटा?”

“बरं बाबा. घरी या. सांभाळून या.”

१ ऑगस्ट, शुक्रवार

चिन्मयी सकाळी सातलाच युनिटला गेली. मी गेलो तर दीपा, तिथली मुख्य कारागीर, हळूच म्हणाली, “अंकल जी, आज दीदी से दूर रहिए.”

माल परत जाणार बहुतेक. ऑर्डर गेली तर चार बायकांचं काम जाईल. रात्रभर एकच विचार: मी गेलो नसतो तर? मॅडमनी ३८२२ कदाचित मानलंही असतं. माझ्या हौसेपायी सुनेचं युनिट बुडालं तर वेदांगला काय तोंड दाखवू?

पण दुसरीकडं वाटतं, सोन्याला सोनं म्हटलं, यात माझं काय चुकलं?

विक्कीवर मात्र राग आहे. त्याच्या एका चुकीनं बिचारी चिन्मयी गोत्यात आली.

८ ऑगस्ट, शुक्रवार

निकाल लागला. माल जर्मनीला परत पाठवायची परवानगी मिळाली, दंडही लागला, पण झेपण्याइतका. मालकाच्या माणसानं तपासणीआधी खरं सांगितलं म्हणून सौम्य, असं विक्की फोनवर म्हणाला. चिन्मयीनं परवान्यासाठी अर्ज टाकलाय, त्याला महिने लागतील.

दुपारी ती टेबलावर डोकं टेकून बसली होती. मला राहवलं नाही. जवळ जाऊन विचारलं, “बेटा, हे लाल सोनं जर्मनवाले कसं बनवतात?”

“उकळतात बाबा.”

“बस्स?”

“गोल्ड क्लोराइड पाण्यात उकळायचं, सायट्रेट घालायचं. दहा मिनिटं.” ती उठून बसली. “मी एम.एस्सी.ला एकदा केलं होतं. जांभळं झालं.”

“गोल्ड क्लोराइड इथं मिळतं?”

“भारतात बनतं. मिळतं.”

“मग दहा मिनिटांसाठी आपण जर्मनीला काहून जाऊन राहिलो?”

ती हसली. आठ दिवसांत पहिल्यांदा. “बाबा, आपण सोनं शिजवायचं?”

“मी पाणी ठेवतो!”

१३ ऑगस्ट, बुधवार

पहिला घाणा. जांभळा. दुसरा घाणा, जांभळा. तिसरा, आधी लाल झाला, आम्ही टाळ्या वाजवल्या, थंड होता होता निळा पडला. चिन्मयी म्हणते, कण एकमेकांना चिकटले की रंग जातो. असं सोनं पट्टीला चालत नाही.

मी नवं रजिस्टर घातलंय. प्रत्येक घाण्याची नोंद: तारीख, कोणता चंबू, कोणत्या कॅनचं पाणी, कोणी धुतलं, किती वेळ उकळलं, रंग. दीपा म्हणते, “अंकल जी, इतना तो पुलिस भी नहीं लिखती.”

२१ ऑगस्ट, गुरुवार

अकरा घाणे, त्यातले दोन लाल. एकदम सुंदर लाल! उरलेले नऊ जांभळे-निळे-काळे. काहून होऊन राहिलं हे? पाणी तेच, हात तेच, गोल्ड क्लोराइड एकाच बाटलीतलं. जुनं सोनं संपत आलं. चिन्मयीचे डोळे सुजलेत.

रजिस्टर घरी आणलं. जेवण झाल्यावर वसुधाला वाचून दाखवत होतो, म्हणजे मोठ्यानं स्वतःलाच वाचत होतो. ती भांडी पुसून राहिली होती.

“ते दोन बरे झाले, ते कोणत्या चंबूत?” तिनं विचारलं.

बघितलं. दोन्ही पाच नंबरचा चंबू. नवा. बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून परवाच आणलेला, आणि त्यात दोनदाच उकळलं होतं.

“आणि बिघडले ते?”

“एक, दोन आणि तीन नंबर. जुने.”

“मग झालं,” वसुधा म्हणाली. “ज्या पातेल्यात एकदा दूध लागलं, त्यात दुसऱ्यांदाही लागतं. कितीही घासा. उलट घासलं की जास्तच लागतं, चरे पडतात नं.”

मी रजिस्टर पहिल्या पानापासून पुन्हा ताडून पाहिलं. मग चिन्मयीच्या खोलीचं दार वाजवलं. ती ऐकता ऐकता पलंगावर उभीच राहिली! “आई! चरे! आई, त्या चऱ्यांमध्येच सोनं धरतं!” आणि सासूला जाऊन मिठी मारली. वसुधा म्हणे, “अगं हात ओले आहेत माझे.”

१ सप्टेंबर, सोमवार

आज काय लिहू आणि कसं लिहू!

गणपती घरात आहेत, म्हणून सकाळी आरती करून निघालो. नवे चंबू, एकही चरा नाही. चिन्मयीनं ते अम्लराजानं धुतले. हे असं तीव्र आम्ल की सोनंसुद्धा विरघळवतं, म्हणजे आधीचा कणही उरत नाही. कोणी घासणीला हात लावायचा नाही, असा मी फलकच लावलाय.

पाणी उकळलं. गोल्ड क्लोराइड घातलं, फिकट पिवळं. चिन्मयीनं सायट्रेट एका झटक्यात ओतलं. पिवळं गेलं, पाणी एकदम स्वच्छ. मग करडं. मग शाईसारखं काळपट, मला वाटलं, गेला हाही घाणा. मग काळ्यातून जांभळं आणि जांभळ्यातून… लाल! आतून कोणीतरी दिवा लावत आणावा तसं लाल. चौघी बायका, चिन्मयी आणि मी, सहाजण एका चंबूकडं बघत उभे.

थंड झालं. लालच. तासानं बघितलं. लालच.

चारला पट्टी बनवून परियटच्या डेअरीतल्या दुधात बुडवली. रेघ! सुईनं ओढल्यासारखी! दीपा ओरडली, “अंकल जी, जबलपुर का सोना!” मी या वयात नाचलो. लिहून ठेवतो, कारण उद्या मी नाकारीन.

सलग सात घाणे लाल आल्यावरच संघाला कळवायचं, असं ठरलंय. रजिस्टर माझ्याकडं.

२४ सप्टेंबर, बुधवार

तीस हजार पट्ट्या गेल्या. एक दिवस आधी. संघानं दोनशे तपासल्या, दोनशे बरोबर.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

मध्ये लिहायला सवड झाली नाही. काठमांडूच्या एका लॅबनं आपल्याकडं दोन लिटर लाल सोनं मागितलंय! पट्ट्या नाही, सोनंच. त्यांना जर्मनीहून आणणं परवडत नाही. जबलपूरहून परदेशात कोलॉइडल सोनं! निर्यातीला रोक नाही, हे मी तीनदा तपासलं, या खेपेला पुस्तकावर विसंबलो नाही.

आज चिन्मयी आणि मी कुरियरच्या ऑफिसात गेलो. काउंटरवरच्या भल्या माणसानं कागदावर ‘गोल्ड’ शब्द पाहिला आणि हात झटकले. “सोना है तो बीस सवाल आएँगे. आठ-दस दिन तो पूछताछ में ही रुकेगा. ऐसा कीजिए, ‘रेड लिक्विड सैंपल’ लिख दीजिए. आज ही निकल जाएगा.”

मी पिशवीतून पुस्तक काढायला लागलो. पण माझ्या आधीच चिन्मयी बोलली.

“नहीं भैया. कोलॉइडल गोल्ड. अट्ठाईस तैंतालीस, दस, दस. यही लिखिए.”

“दीदी, रुक जाएगा.”

“रुकने दो. हम रुक जाएँगे.”

म्हणाली त्याला, बघत होती माझ्याकडं. मला काही कळलं नाही, पण फार अभिमान वाटला.

परतताना तिनं स्कूटर वाटेत एका चहाच्या टपरीवर थांबवली. चहा हातात घेतला आणि प्यालीच नाही.

“बाबा, ते ३८२२ विक्की भैयांची नजरचूक नव्हती. मीच लिहायला सांगितलं होतं. मला जूनचा आदेश माहीत होता.”

मी म्हटलं, “अच्छा.”

“तुम्ही नागपूरला गेलात त्या दिवशी मला तुमचा इतका राग आला होता. आणि त्याच रात्री कितीतरी दिवसांनी मला झोप लागली.”

घरी आल्यावर जुलैची पानं काढून वाचली. ‘मैडम से बात हो गई है.’ अर्धी टाकलेली भाकरी. वसुधाचं बघत राहणं. विक्कीचा पाय. सगळं मीच माझ्या हातानं लिहिलंय, तारखेसह. आणि मी तिला जिऱ्याचं पाणी द्यायला सांगितलं होतं!

हसू आलं, आणि मग आलं नाही. कारण मी सही केलेल्या पत्रात ‘नजरचुकीने’ लिहिलंय. म्हणजे चौतीस वर्षांत केलं नाही ते रिटायर झाल्यावर केलं. चुकीचं नाव लावलं, आणि वर विक्कीच्या माथी मारलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी चिन्मयीला सांगितलं, ते पत्र दुरुस्त करावं लागेल. ती पांढरी पडली. “बाबा, प्रकरण बंद झालंय. पुन्हा उघडलं तर?”

“तर उघडेल. मी सोबत आहे.”

तिनं त्या खेपेची फाइल काढून समोर ठेवली. मग स्वतः कागद घेऊन बसली. मी मजकूर सांगितला नाही. तिनंच लिहिलं, तिनंच सही केली. नंबर माझ्या सांगण्यावरून बदलला होता, एजंटचा दोष नाही, माझ्या सासऱ्यांना हे माहीत नव्हतं. शेवटचं वाक्य खोडायला सांगितलं तर ऐकेना.

मी विक्कीला फोन करून माफी मागितली. तो म्हणाला, “अरे अंकल, छोड़ो. ये बताओ, एक पार्टी का चाँदी का वर्क है, मिठाई वाला. वो किसमें जाएगा?” मी म्हटलं, पाच मिनिटं थांब. चार मिनिटांत सांगितलं!

२० नोव्हेंबर, गुरुवार

अधीक्षक मॅडमचा फोन, थेट मला. चिन्मयी समोर होती, मी फोन स्पीकरवर टाकला.

“काका, पत्र मिळालं. सुनेला सांगा, ते मला तेव्हाच समजलं होतं. नजरचुकीनं एखादा आकडा चुकतो, अख्खा अध्याय बदलत नाही. दंड कशाचा लावला होता मग? पत्र फाइलला लावते. प्रकरण बंदच आहे.”

चिन्मयी खुर्चीत बसली आणि रडली. दीपानं तिला पाणी दिलं.

“आणि काका,” मॅडम म्हणाल्या, “सत्त्याहत्तरावा अध्याय रिकामा आहे, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. त्या दिवशी तुम्ही जाता जाता बोलला होतात.” मी असं बोललो होतो? आनंदात माणूस काय काय बोलतो.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

खोकं दिल्लीत सहा दिवस थांबलं. तीन प्रश्न आले, तिन्हींची उत्तरं मी लिहिली. चौथा आला नाही. काल ते सुटलं आणि आज दुपारी काठमांडूला पोचलं!

लॅबच्या बाईंनी व्हिडिओ कॉल केला. बाटली खिडकीशी धरली. मागं त्यांच्या गावच्या गच्च्या, त्यापलीकडं ऊन, आणि मध्ये आमचं पाणी.

“कलर?” चिन्मयीनं विचारलं.

“रातो! एकदम रातो!” बाई म्हणाल्या. म्हणजे लाल. चौघी बायका माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या, एकीच्या हातातलं रबरी हातमोजा माझ्या कानाला लागून राहिला होता. वसुधापण आज डबा घेऊन युनिटला आली होती. पहिल्यांदाच. ती चंबूंच्या फडताळापाशी उभी राहून एकेक उजेडात धरून चरे बघत होती.

बाईंनी हसत विचारलं, “अंकल, इसमें सच में सोना है? सोना है तो सोने वाला टैक्स क्यों नहीं लगा?”

हा प्रश्न! मी खुर्ची पुढं ओढली. म्हटलं, बहनजी, ऐसा है, इकहत्तरवाँ अध्याय लीजिए, उसकी टिप्पणी तीन… आणि सांगत गेलो. टीप सांगितली, अठ्ठावीस सांगितला, अँटीबॉडी लावली तर ते अडतिसाव्यात कसं जातं तेही सांगितलं. घोडे-गाढवांपर्यंत पोचलो तेव्हा दिसलं की फोनचा पडदा काळा आहे. रेंज गेली होती. केव्हाची कोण जाणे.

मी ओशाळून गप्प झालो. मागं वळून पाहिलं तर कोणीच हललं नव्हतं. दीपा स्टूल ओढून बसली होती. वसुधा चंबू हातात घेऊन उभी.

चिन्मयी म्हणाली, “सांगा नं बाबा पुढं. आम्ही ऐकून राहिलो.”